थर्मनचा हात

वेंडेलने बटण दाबलं. तळघराच्या खिडकीची काच थरथरली. त्याने बटण सोडलं. काच गप्प झाली.

कालपासून त्याचं हेच चाललं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी याच तळघरात त्याने हे गाणं जुळवलं होतं. यंत्रावरचा ठोका त्याचा, बेस गिटार त्याच्या मित्राची, थर्मनची. आता त्या गाण्याची रेकॉर्ड पुन्हा निघणार होती आणि उद्या सकाळी ते कंपनीकडे पाठवायचं होतं. म्हणून त्याने जुन्या फिती काढल्या आणि थर्मनच्या बेसवर सहज एक बटण दाबून पाहिलं. आवाजाची लाट उलटी करणारं बटण. त्यासरशी ठोक्याखालून बेस वर आला. जाड, उबदार, एकही सूर न डगमगता.

मग त्याने खोक्यातून जुनी केबल शोधून काढली. ती त्यानेच घरी डाख लावून बनवली होती. टोक उघडलं. आतल्या दोन तारा एकमेकींच्या जागी होत्या. ठोका स्पीकरला पुढे ढकलायचा तेव्हा बेस त्याला मागे ओढायचा. दोघं एकमेकांना खात होते, आणि ज्याचा आवाज मोठा, तो ठोकाच उरला होता.

बाहेर हॉर्न वाजला. थर्मन चर्चमधून थेट आला होता. तपकिरी सूट, मांडीवर चांदीच्या कागदाने झाकलेलं भांडं.

"वर ये लेका," तो गाडीतूनच ओरडला. "तुझा जिना आणि माझा गुडघा यांचं पटत नाही. आण ते गाणं इकडे. गाडीत ऐकल्याशिवाय डेट्रॉइटात कधी गाणं पास झालंय?"

वेंडेलने नव्याने जुळवलेल्या गाण्याची सीडी घेतली. केबल कोटाच्या खिशात कोंबली आणि गाडीत जाऊन बसला.

"डोरीनने पीचचं गोड कॉब्लर भाजून दिलंय," थर्मन बायकोने दिलेलं भांडं दाखवत म्हणाला. "आणि निरोप आहे, भांडं परत पाठव. मागचं अजून तुझ्याकडेच आहे. तिने मोजून ठेवलीत."

वेंडेलला हसू आलं नाही. त्याने सीडी आत सरकवली.

ठोका सुरू झाला. चार वेळा एकटा. मग बेस आला, आणि समोरच्या काचेवरचा आरसा थरथरू लागला. थर्मन काहीतरी बोलणार होता, तो थांबला. त्याने दारावर तळवा टेकवला. गाणं संपेपर्यंत तो तसाच बसला.

"कोणाला बोलावलंस?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"वाजवायला. माझ्या जागी. अरे, मला राग नाही. पोरगं चांगलं आहे. हात भारी आहे त्याचा."

हो म्हणणं सोपं होतं. थर्मनने कॉब्लर दिलं असतं आणि तो घरी गेला असता.

"तो तूच आहेस, थर्मन."

"आज रविवार आहे. आजच्या दिवशी तरी थापा मारू नकोस. माझ्या हातात जोर नाही. तूच म्हणाला होतास. त्या जिन्यात उभा राहून. 'ठोका बसतो, तुझा बेस बसत नाही.'"

वेंडेलने खिशातून केबल काढली आणि उघडं टोक त्याच्या तळहातावर ठेवलं. थर्मनने चष्मा कपाळावर सरकवला आणि टोक डोळ्यांजवळ नेलं. सव्वीस वर्षं त्याने कारखान्यात गाड्यांची दारं बसवली होती. दारातल्या तारा जोडल्या होत्या. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"लाल आहे ती पांढरीच्या जागी."

"हो."

"कोणी लावली?"

"मी."

"तपासली नाहीस?"

"नाही. तुझा बेस बसेना, म्हणून त्याचा आवाज खाली केला. ठोका वर केला."

"आणि लोक त्यावर नाचले."

"हो."

"वेंडेलचा ठोका," थर्मन म्हणाला. "अजून म्हणतात. परवा न्हाव्याकडेसुद्धा कोणीतरी म्हणालं."

वेंडेल बाहेर बघत राहिला. फुटपाथवरून एक बाई टोपी सांभाळत चालली होती.

"मी वर्षभर रबरी चेंडू दाबत होतो," थर्मन म्हणाला. "कामावर जाताना, येताना. जेवायला बसलो तरी डाव्या हातात चेंडू. डोरीनला वाटलं, मला लकव्याचा झटका बिटका येऊन गेला आणि मी तिच्यापासून लपवतोय." तो जरासा हसला. "मग गिटार चर्चला देऊन टाकली."

"थर्मन, मला..."

"गप. पुन्हा लाव."

वेंडेलने गाणं पुन्हा लावलं. चार ठोके. मग बेस. थर्मनने डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. बोटं हलू लागली. पहिलं, तिसरं, पहिलं, करंगळी. पहिली फेरी बरोबर आली. दुसरीही आली.

तिसऱ्या फेरीत बेस ठोक्याला मागे टाकून वर चढत होता. तिथे करंगळी वाकेना. थर्मनने पुन्हा दाबून पाहिलं. बाकीची बोटं चाचपडली आणि गाणं पुढे निघून गेलं. त्याने हात खाली घेतला, भांड्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने सांधे चोळू लागला. आरसा थरथरतच होता.

"घे," तो म्हणाला. "हातात जोर नाही म्हणाला होतास. आता झालं तुझं खरं."