घरात माणसं किती?

"घरात माणसं किती?" कर्जाच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं आणि रंगारी धास्तावला.

कारण तोंड उघडणार होती बायको. कारखान्यात ती वजनकाटे तपासायची आणि केसाएवढा फरकही खपवून घ्यायची नाही. घरीदारी सगळे तिला काटाच म्हणायचे. मागच्या बँकेत याच प्रश्नाला तिने पोटावर हात ठेवून "तीन" असं सांगितलं होतं. झालं! दोघांच्या पगारात तिसरं तोंड बसेना. अर्ज बाद.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "वर्षभरात बाळ येणार असेल तर तेही धरायचं. नियमच आहे तसा. दोन असाल तर कर्ज बसतं. तीन असाल, तर माझ्या हातात काही नाही."

घरमालकाने महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. कर्जावर घ्यायचं ठरवलेलं हे घर हातचं गेलं तर बिऱ्हाड रस्त्यावर येणार होतं. शिवाय त्या घरात खिडकीची एक छोटी खोली होती. तिच्यासाठी त्याने पिवळा रंगसुद्धा घोटून ठेवला होता.

सकाळी तो बायकोच्या पाया पडायचाच काय तो बाकी होता. "एकदाच खोटं बोल ना गं! बाळासाठीच बोलायचंय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली होती. पुढ्यातला चहा तसाच गार झाला होता. काल दवाखान्यात तपासणी होती आणि त्याला कामावरून सुटता आलं नव्हतं. तिला एकटीलाच जावं लागलं होतं. त्याचा राग असणार, दुसरं काय?

"दोन," बायको म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. "नक्की?"

"दोन लिहा."

वरील माहिती खरी आहे, असं छापलेल्या ओळीखाली तिने सही केली. रंगाऱ्याला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तो तिच्या सहीकडेच बघत राहिला. साहेबांनी शिक्का मारला आणि कागद आत पाठवला.

जिन्यात येताच त्याला हसू आवरेना. "काय काटेबाई! सराईतासारखं ठोकून दिलंत की. मला इथे घाम फुटला होता!"

ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. तो मात्र बोलतच सुटला. पिवळा रंग कधी लावायचा, पाळणा खिडकीखाली ठेवायचा की दारामागे. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

"अजून रागावलीयस?" त्याने विचारलं. "काल तुला एकटीला जावं लागलं म्हणून?"

"जाताना एकटी नव्हते रे," ती म्हणाली. "येताना होते."