भाच्याच्या नावावर

नवसाबाईंनी वाकून पायांना हात लावला आणि वाल्मीकने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. आजोळच्या बायांनी भाच्याच्या पाया पडायचं, हा रिवाजच. आईच्या गावातली प्रत्येक बाई त्याची मामी, आणि त्या सगळ्या लहानपणापासून असंच करत आल्या होत्या. त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र तळपाय भाजल्यासारखे झाले.

"मामी, बसा ना वर," तो म्हणाला.

इंदिरानगरातलं त्याचं ऑफिस म्हणजे दोन कॉम्प्युटर आणि तीन खुर्च्या. एकीवर नवसाबाई बसल्या, दुसरीवर त्यांच्याबरोबर आलेली सविता. पहाटे मार्केटला फुलं उतरवून दोघी तशाच आल्या होत्या. अंगाला अजून झेंडूचा वास होता.

"आपलं नाव गेलं रे," नवसाबाई म्हणाल्या.

नाव म्हणजे वेबसाइटचं नाव, शिवारफूल डॉट इन. गावातल्या बचत गटाच्या चाळीस बायांनी चार वर्षं झेंडू, शेवंती, निशिगंध याच पत्त्यावर विकला होता. पुण्या-मुंबईची हॉटेलं, मंगल कार्यालयं तिथेच ऑर्डर टाकायची. मधे ना दलाल, ना आडत्या. आता तोच पत्ता उघडला की तालुका संघाचे अध्यक्ष मल्हारीअण्णा हात जोडून हसताना दिसत, आणि ऑर्डर थेट संघाकडे जाई. दसऱ्याचा माल तोडणीला आला होता आणि बायांचा फोन काही वाजत नव्हता.

"सविताच्या पोरीनं मोबाइलवर दाखवलं. अण्णानं म्हणे मुंबईहून पत्र आणलं, समद्या गटांची नावं संघाच्या ताब्यात पायजेत. सहा महिने मंत्र्याच्या मागं हिंडत व्हता त्यासाठी. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!"

पत्र वाल्मीकला माहीत होतं. नुसत्या पत्राने काही झालं नसतं, हेही माहीत होतं. नाव नोंदलेलं होतं वाल्मीकच्या नावावर, वाल्मीकच्या मोबाइलवर. चार वर्षांपूर्वी चाळीस जणींत एकीचाही ईमेल नव्हता, तेव्हा गटाने रीतसर ठराव करून ते भाच्याकडे ठेवलं. भाच्याला दिलेलं वाया जात नाही, असं त्या बैठकीत नवसाबाईच म्हणाल्या होत्या.

मागच्या महिन्यात अण्णांचा माणूस आला. तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या वेबसाइटचं काम तुम्हालाच, म्हणाला. मोबाइलवर ओटीपीचे सहा आकडे आले, वाल्मीकने ते वाचून दाखवले. चहा निवायच्या आत काम झालं. नुसतं नाव तर आहे, त्यात काय एवढं, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. पण हे समजावणं रोज सकाळी नव्याने करावं लागत होतं.

"उद्या मंत्री रेस्ट हाऊसला येणार हायेत," नवसाबाई म्हणाल्या. "आमी समद्या जाणार. अण्णाला वशिला लावता येतो, तर आमाला काय तोंड नाय? दाखव गं."

सविताने पिशवीतून निवेदन काढलं. तिनेच लिहिलं होतं, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात. 'आमचे भाचे श्री. वाल्मीक यांच्याकडे विश्वासाने ठेवलेले आमचे नाव त्यांना दमदाटी करून काढून घेतले आहे. भाच्यावर झालेला अन्याय दूर करावा.' खाली सह्या होत्या, मधे मधे अंगठे. सगळ्यांच्या वर एक ओळ कोरी सोडलेली होती.

"पहिली सही तुमची, भाऊ," सविता म्हणाली.

वाल्मीकने पेन घेतलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. त्याच्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं, लपायला जागाच नव्हती.

"मामी, मला कुणी दमदाटी नाही केली."

"मंग?"

"मी दिलं. अण्णांचा माणूस इथेच बसला होता, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. मी माझ्या हाताने नाव देऊन टाकलं. त्यांच्या कामाच्या लोभाने दिलं."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. आता मामी शिव्या देतील, कदाचित पायातली चप्पल काढतील. त्याला ते हवंच होतं.

नवसाबाई उठल्या, बाहेर कुणी उभं नाही ना ते पाहिलं आणि ऑफिसचं दार लावून घेतलं. वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"बघ गं सविता, लेकराला किती भेदरवलंय त्यांनी. काय काय वदवून घेत्यात त्याच्याकून."

"मामी, खरंच सांगतो, मीच..."

"गप. भाचा कुठं माम्यांच्या पोटावर पाय देतो व्हय? खुळा कुठला!"

सविताने पदराने डोळे पुसले. नवसाबाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. वाल्मीकने सही केली. ती नेहमीसारखी आली नाही, पण आली.

नवसाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"उद्या तू पुढं ऱ्हा. अजिबात भ्यायचं नाय. आमी चाळीसजणी हाये तुझ्या मागं."