दहावी पुरचुंडी

आटपाडीच्या रंगूबाईंना फौजेतलं एकच गणित पक्कं ठाऊक होतं, सेक्शन म्हणजे दहा जवान. लेकाची रजा संपत आली की त्या शेंगदाण्याच्या लाडवांच्या दहा पुरचुंड्या बांधत, एकेका जवानाला एक. लेक हवालदार होऊन सेक्शनचा कमांडर झाला, तरी त्याची पुरचुंडी वाढली नाही. "दंडावरच्या फिती वाढल्या, पोट न्हाई वाढलं," त्या म्हणाल्या. यंदा तो खालमानेनं म्हणाला, "आई, नऊच बांध. मेढ्याचा महेंद्र बर्फाखाली गेला." लाडू वळणारा हात थांबला. "त्याच्या घरला जाऊन आलास?" "जायाची छाती व्हईना. पोरगं माझ्या हाताखालचं. त्याच्या आईम्होरं कसा हुबा ऱ्हाऊ?" बिनबोलावता कुणाचा उंबरा न चढलेल्या रंगूबाईंनी दहावी पुरचुंडी बांधली आणि चपला पायात सरकवल्या. "मेढ्याची यष्टी बघ. फौजंत तू म्होरं असशील. तितं माझ्या मागं हुबा ऱ्हा."