आत्याचा मान

साखरपुड्याच्या हॉलमध्ये राहीबाई अगदी मागच्या रांगेत बसली होती. औषधांनी केस गेले होते, म्हणून डोक्यावरचा पदर तिनं कानामागं घट्ट खोचला होता. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या होत्या.

धाकटा भाऊ हौसेराव सरबताचा ग्लास घेऊन आला.

"आक्का, आज तो विषय नको. एवढं लगीन पार पडू दे."

"पोरीची तपासणी व्हायला पाहिजे, हौसा. डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून दाखवलं. पेशींची वाढ आवरणारं एक जनुक असतं, ते आपल्या घरात बिघडलंय. बारीक आरएनएचंही काही सांगत होत्या, ते मला नाही कळलं. पण आईचं माझ्यात आलं, एवढं कळलं. तुझ्यातनं ईश्वरीत गेलं असंल."

"मी बाप्या माणूस. बायकांचा आजार माझ्यातनं कसा जाईल?"

"नाक बरं गेलं तुझं तिच्यात."

हौसेराव हसला नाही. "नवी मुंबईत, द्रोणागिरीला स्वतःचा फ्लॅट आहे त्यांचा. असं स्थळ परत दारात येणार नाही." ग्लास तिच्या हातात देऊन तो पाहुण्यांत मिसळला.

माइकवरून पुकारा झाला. मुलीच्या आत्यानं कुंकू लावायला यावं.

राहीबाई कठड्याला धरून स्टेजवर चढली. ईश्वरी सजून बसली होती. नवरामुलगा मित्रांशी बोलत होता. राहीबाईनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ती भाचीच्या कानाशी वाकली. बारशाला याच कानात तिनं नाव सांगितलं होतं.

"ईश्वरी, लग्नाआधी रक्त तपासून घे. आपल्या घरात..."

"घेतलंय, आत्या." ईश्वरीचे ओठ जेमतेम हलले. "बाबा फोन स्पीकरवर ठेवतात. तुमचं दोघांचं सगळं बोलणं ऐकलं होतं मी. ऑफिसातून परस्पर जाऊन आले. माझ्यातही तेच निघालं."

राहीबाईचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला.

"कुणाला माहीत आहे?"

"तुला. आत्ता."

फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला.

"आत्याबाई, इकडं बघा. हसा की जरा."

दोघी हसल्या.