दत्तोबांचं वाचन

बावड्याच्या दत्तोबांना टीव्हीवरच्या दाक्षिणात्य सिनेमांचा भारी नाद. खाली पळणारी इंग्रजी अक्षरं वाचून ते मुक्ताबाईंना मराठीत सांगायचे. खरं तर पहिला शब्द जुळेपर्यंत ओळ गायब व्हायची, मग दत्तोबा मनानंच ठोकून द्यायचे. चाळीस वर्षांत बायकोला जे तोंडावर बोलता आलं नव्हतं, ते सगळं हिरोच्या नावावर खपायचं.

"तिकडचं पुरुष लई मायाळू असत्यात," हे मुक्ताबाईंचं ठाम मत. "न्हायतर आमच्याकडं!"

त्या दिवशी कालचाच सिनेमा परत लागला होता. सुट्टीला आलेल्या नातीनं, संस्कृतीनं, रिमोटचं एक बटण दाबलं. "आजी, हा मराठीतपण आहे की!"

हिरोनं नायिकेचा हात धरला. काल दत्तोबांनी त्याच्या तोंडी घातलं होतं, 'तुझ्यावाचून घर खायला उठतं गं.' आज तो म्हणाला, "ट्रक किती वाजता सुटतो?"

मुक्ताबाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडं बघितलं. दत्तोबा छताकडं बघत होते.

"बंद कर गं ते मराठी. ह्याला बोलाय येत न्हाय," असं म्हणून त्या दत्तोबांच्या अंगाला सरकून बसल्या. "तुमी वाचा वो."