पाण्यातलं तोंड

खुंटीवरची साखळी खळ्ळकन वाजली आणि दुपारभर गप्प पडलेल्या खोलीत शेवंती उठून बसली.

"माय, मी बी येस."

कस्तुराला तिला न्यायचं नव्हतं. एकटीला मागे ठेवायचाही धीर नव्हता. तिने पोरीची बाही मनगटापर्यंत ओढली, कोपराखालच्या दातांच्या खुणा झाकल्या आणि बंगल्याच्या कुत्र्याला, सुलतानला, साखळी लावली.

जहागीरदारांचा शिकारबंगला चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. भोवती मोठं राखीव रान, मधून चिंचांच्या सावलीतली वाट, टोकाला दगडी हौद. मालक दादासाहेब वर्षातून एकदा यायचे, कुत्रा मात्र रोज संध्याकाळी फिरवायचा हुकूम. नवरा केळीच्या ट्रकवर गेल्यापासून ते काम कस्तुराच्या गळ्यात पडलं होतं. सुलतान काही परका नव्हता. शेवंतीच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. तोच तिला चावला.

तालुक्याचा डॉक्टर म्हणाला होता, सुया इथे नाहीत, पोरीला जळगावला ने. आणि कुत्र्यावर दहा दिवस डोळा ठेव, तो धड राहिला तर भीती नाही. घाबरलेल्या जिवाने त्यातलं शेवटचं तेवढं धरून ठेवलं. सासूने आपली रीत केली. पोरीला सात विहिरींवर नेऊन प्रत्येकीत डोकावायला लावलं. पाण्यात आपलं तोंड दिसलं म्हणजे कुत्र्याचं विष चढलं नाही, अशी समजूत.

"तोंड दिसस का?"

"दिसस."

"मंग काही भ्याव नही."

बंगल्यावर मात्र कस्तुराने कुणाला कळू दिलं नाही. कळलं की कुत्र्याला गोळी घालतील. मग डोळा कशावर ठेवायचा?

चिंचेखाली बागेचा जुना माळी हिलालनाना विडी ओढत बसला होता.

"काय वं कस्तुरा, राणीसारखी कुत्रं फिरावस. पन हाऊ आज पाय वढस का?"

"ऊन शे ना, नाना."

"सकाय दादासाहेब येतीन. असं मरगळेल दिसनं तं बंदूकच काढतीन."

"म्हातारं शे. बाकी काही नही," ती म्हणाली आणि न थांबता पुढे गेली.

एरवी सुलतान तिला ओढत न्यायचा. आज ती त्याला ओढत होती. त्याच्या जबड्यातून लाळेची तार लोंबत होती. ती तिने पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

हौद आला. रोज इथे तो कठड्यावर पुढचे पाय टाकून लपलप पाणी प्यायचा. त्या आवाजावर तिची रात्र निभायची. आज त्याने मान पुढे केली. त्याच्या गळ्यात काहीतरी आवळल्यासारखं झालं, आणि तो मागे सरकला. साखळी ताठ झाली.

"पी रे बाबा. पी ना."

तिने हाताने पाणी हलवून दाखवलं. तो आणखी मागे गेला.

जळगावची यष्टी आता सकाळीच होती.

शेवंती कठड्यावर पोट टेकून वाकली. पाण्यातल्या स्वतःकडे पाहून हसली. मग वळून तिने सुलतानकडे पाहिलं.

"माय, त्याले आपलं तोंड दिसनं नही का?"