मृतांचा रविवार

पास पाहून शिपायानं दोघींना आत सोडलं. "एक तास. आणि भिंतीकडे फिरकायचं नाही."

भिंत कबरीपासून तीस पावलांवर होती. नोव्हेंबरातला मृतांचा रविवार. पूर्व बर्लिनच्या त्या दफनभूमीत तुरळक माणसं वाकून, थंडीआधी आपापल्यांच्या कबरी देवदाराच्या फांद्यांनी झाकत होती. हेडविगबाईंनीही नवऱ्याच्या कबरीपाशी दोन मोठ्या जुड्या टाकल्या.

"बाबांना एवढ्या कशाला?" गेर्डानं विचारलं.

"त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजायची."

शेजारची कबर बेवारस होती, खचलेली. तिच्या मातीखाली एक फळी होती. भिंतीपलीकडच्या पोरांनी दोन महिने खणलेला बोगदा तिथवर आला होता. ठरल्याप्रमाणे खालून तीनदा टकटक झाली.

गेर्डानं माती सारून फळी उचलली. "चल, आई. आधी तू."

"आधी तू."

"दोघींनी जायचं ठरलंय ना आपलं?"

"तुझं ठरलंय. वरून झाकणार कोण, तुझे बाबा? रांगत जायला पंधरा मिनिटं लागतात. हे उघडं दिसलं तर अर्ध्या वाटेत गाठतील."

"आई, तुला ते काय करतील, कळतंय का?"

"कळतंय. जा आता. आणि तिकडं बोडक्या डोक्यानं हिंडू नकोस, सर्दी होते तुला."

गेर्डानं आईचा हात धरला. हातमोज्याला फांद्यांचा चीक लागला होता. बोटं सुटताना चिकटली. मग ती खाली उतरली.

हेडविगबाईंनी फळी ओढली, माती लोटली. त्यावर फांद्या अंथरल्या, दाट, सगळी टोकं एकाच दिशेला.

पाच मिनिटंही झाली नसतील, बूट वाजले.

"मुलगी कुठंय, आजी?"

"नळावर गेलीय. पाणी आणायला."

"नळ मागच्याच आठवड्यात बंद केलेत."

"हो का? मग हिंडत असेल झारी घेऊन. लहानपणापासून अशीच आहे, विचारून म्हणून जायची नाही."

शिपाई हसला नाही. त्यानं नळाच्या दिशेनं पाहिलं. मग पासावरचं नाव वाचलं, दगडावरचं वाचलं. त्या नावाची कबर फांद्यांविना उघडीच होती. शेजारची बिननावाची नीट झाकलेली होती.

"आधी परक्याची झाकलीत?"

हेडविगबाई हळूच त्या फांद्यांवर खाली बसल्या.

"उठा." त्यानं खांद्यावरची बंदूक हातात घेतली.

"उठते रे बाळा. पण गुडघ्यांनाही विचारायला लागतं या वयात."

"उठा म्हणतोय ना!"

"उठते की."

त्यांनी हातमोजे काढायला घेतले. आधी करंगळी सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट.